मराठीतून मानसशास्त्र करायचंय, त्यासाठी फिलिपिन्सला जाऊ का?

पत्र : मॅडम, मी बीड जिल्ह्यातल्या एका गावची. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. आई-वडील बरीच वर्षं ऊसतोडीला जायचे, आता वडिलांचं गावातच छोटं दुकान आहे. प्रकल्पासाठी मी ऊसतोडीला जाणाऱ्या तीस बायकांकडून ताणतणावाची प्रश्नावली भरून घेतली. मूळ प्रश्नावली इंग्रजी, तिचं मराठी भाषांतर. जवळपास सगळ्यांनी 'कधी कधी' याच रकान्यावर खूण केली. निम्म्या जणी म्हणाल्या, "तूच भर की बाई, तुला समदं म्हाईत हाय." सर म्हणाले, डेटा वाया गेला. नंतर ग्रंथालयातल्या एका पुस्तकात फिलिपिन्सचे मानसशास्त्रज्ञ एन्रिकेझ यांच्याबद्दल दोन पानं वाचली. आपल्या लोकांचं मानसशास्त्र आपल्या शब्दांत मांडता येतं, हे वाचून रात्रभर झोप आली नाही. मला हेच करायचंय, तेही मराठीत. सर म्हणतात, मराठीत लिहिलेलं कोण वाचणार? वडील म्हणतात, बी.एड. कर. मी फिलिपिन्सला शिकायला जाऊ का? यात पोट भरेल का?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सरांशी माझा पहिला मतभेद इथेच आहे, की तुझा डेटा वाया गेलेला नाही. "तूच भर की बाई" हे त्या बायकांनी दिलेलं सगळ्यात खरं उत्तर आहे. ते नोंदवायला तुझ्या फॉर्मवर रकाना नव्हता, एवढंच. फिलिपिन्समध्ये १९७०च्या दशकात जे घडलं त्याची सुरुवात अशाच अडचणीतून झाली. म्हणून आधी ते सांगते, करिअरचं मग.

व्हर्जिलिओ एन्रिकेझ १९४२चे, बुलाकान प्रांतातले. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून पीएच.डी. करून १९७१ मध्ये मनिलाला परतले. त्या देशात अमेरिकेच्या राजवटीपासून शाळा-कॉलेजांची भाषा इंग्रजी होती. मानसशास्त्राची पुस्तकं अमेरिकन, चाचण्या अमेरिकन, आणि फिलिपिनो माणसाचा स्वभाव कसा असतो याचे निष्कर्षसुद्धा बऱ्याच अंशी अमेरिकन अभ्यासकांच्या चष्म्यातून आलेले. लाजाळू, भिडस्त, उपकाराच्या ओझ्याखाली दबलेला, दुसऱ्याला दुखवायचं नाही म्हणून हो ला हो करणारा माणूस, असं ते चित्र. एन्रिकेझ परत आल्यावर विद्यापीठात फिलिपिनो भाषेत शिकवू आणि लिहू लागले. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोसने लष्करी कायदा लावला. तशा दिवसांत, १९७५ मध्ये, त्यांनी सहकाऱ्यांना घेऊन राष्ट्रीय संघटना उभी केली आणि पहिली परिषद भरवली. या चळवळीचं नाव 'सिकोलोहियांग पिलिपिनो', म्हणजे फिलिपिनो मानसशास्त्र.

त्यांचा मुख्य आक्षेप शब्दांच्या निवडीवर होता. बाहेरच्या अभ्यासकाच्या नजरेत जे शब्द पटकन भरले तेच त्याने 'मूल्यं' म्हणून उचलले. एन्रिकेझ म्हणाले, या सगळ्यांच्या मुळाशी 'काप्वा' हा शब्द आहे. इंग्रजीत त्याचं भाषांतर 'इतर' असं करतात, पण त्यात अर्थ उलटा होतो. इंग्रजीत 'इतर' म्हटलं की 'मी' वेगळा पडतो. 'काप्वा'मध्ये मी आणि समोरचा दोघंही असतात.

आता तुझ्या प्रश्नावलीकडे ये. एन्रिकेझ आणि कार्मेन सांतियागो यांनी १९७६ मध्ये संशोधकाचं लोकांशी असलेलं नातं आठ पायऱ्यांत मांडलं. पहिल्या पाच पायऱ्या 'इबांग ताओ' म्हणजे परक्या माणसाशी वागण्याच्या: नुसत्या शिष्टाचारापासून ते जुळवून घेत सोबत राहण्यापर्यंत. शेवटच्या तीन 'हिंदी इबांग ताओ'शी, म्हणजे जो परका नाही त्याच्याशी वागण्याच्या. (फिलिपिनो भाषा ज्या तागालोगवर उभी आहे, तिच्यात 'हिंदी' म्हणजे 'नाही', गोंधळू नकोस.) त्यांचं म्हणणं असं की माहितीचा कस या नात्यावर ठरतो. पहिल्या पायरीवर उभं राहून विचारलंस तर पहिल्या पायरीचंच उत्तर मिळेल. तू गावचीच मुलगी, पण हातात छापील फॉर्म घेऊन गेलीस त्या क्षणी त्या बायकांसाठी तू सर्वेवाली झालीस. "तुला समदं म्हाईत हाय" म्हणून त्यांनी तुला पुन्हा आपल्यात ओढलं. ते तुझ्या लक्षात आलं नाही, पण लिहून ठेवलंस, हे फार चांगलं केलंस.

त्या लोकांनी पद्धतींना दिलेली नावं बघ. 'पाकापा-कापा' म्हणजे आधीचे ठोकताळे बाजूला ठेवून चाचपडत पुढे जाणं. 'पाग्तातानुंग-तानोंग' म्हणजे विचारत विचारत जाणं, याला विचार, त्याला विचार, आणि समोरच्याने उलट विचारलं तर आपणही उत्तर द्यायचं. हिच्यावर रोहेलिया पे-पुआ यांनी सविस्तर लिहिलं आहे. आपल्याकडे 'विचारपूस' हा शब्द आहे. विचारपूस करणारा माणूस टाचण घेऊन येत नाही, आणि त्याला समोरच्याची काळजी असते. माहिती आणि माणसाचं भलं यात निवडायची वेळ आली तर भलं आधी, हा त्यांच्या संशोधनाचा नियमच आहे.

तिथलेच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेडो लागमाय यांचं 'बहाला ना'वरचं काम मला सगळ्यात आवडतं. फिलिपिनो माणूस उठसूट 'बहाला ना' म्हणतो. साधारण 'होईल ते होईल'. बाहेरच्यांनी त्यावरून निदान केलं, की हे दैववादी लोक आहेत. लागमाय यांनी हा शब्द लोक नक्की कोणत्या प्रसंगी वापरतात ते तपासलं आणि १९७७ मध्ये मांडलं, की पुढे काय होईल याची काहीच खात्री नसताना पाऊल टाकायला बळ यावं म्हणून तो उच्चारला जातो. शब्द तोच, निष्कर्ष पार बदलला. तुझ्या गावात टोळी निघताना बायका काय म्हणतात, ते तू आजवर किती वेळा ऐकलं असशील!

हे सगळं १९७०च्या दशकात अचानक उगवलं नाही. अमेरिकेच्या आधी त्या देशावर स्पेनचं राज्य होतं. विगानच्या इसाबेलो दे लॉस रेयेस या पत्रकाराने १८८९ मध्ये, पंचविशीत, आपल्या लोकांच्या समजुती आणि चालीरीती गोळा करून मनिलात पुस्तक छापलं. होसे रिझाल डोळ्यांचे डॉक्टर. 'फिलिपिनो आळशी असतात' या स्पॅनिश आरोपावर त्यांनी १८९० मध्ये लेखमाला लिहिली. आळस दिसत असेल तर तो आला कुठून, हा त्यांचा प्रश्न. स्पॅनिश येण्याआधी ही माणसं व्यापार करत होती, जहाजं हाकत होती. मग वेठबिगार, लढाया आणि पिकवलेलं स्वतःकडे राहीलच याची शाश्वती नाही, यातून कष्टाची उमेद गेली, असं त्यांनी कारणांसह दाखवलं. माझ्या मते हे अस्सल समाजशास्त्र आहे.

आणि आता झेउस सालाझार. हे इतिहासकार पॅरिसमध्ये शिकले, परत येऊन एन्रिकेझांच्या चळवळीत सामील झाले. त्यांच्या विचाराला 'पांतायोंग पानानाव' म्हणतात. तागालोगमध्ये 'तायो' म्हणजे ऐकणाऱ्याला धरून 'आपण', आणि 'कामी' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून 'आम्ही'. इंग्रजीत या दोन्हीला एकच शब्द आहे. मराठीत मात्र हा भेद जसाच्या तसा आहे! "आम्ही जेवायला बसतोय" आणि "आपण जेवायला बसू" यातला फरक तीन वर्षांच्या पोरालाही कळतो. सालाझार म्हणाले, रिझाल आणि त्यांच्या पिढीने स्पॅनिशमध्ये स्पेनला उद्देशून लिहिलं, "आम्ही असे नाही हो" हे पटवत. तो 'कामी'चा सूर. आता 'तायो'च्या सुरात, आपल्या भाषेत, आपसांत बोलू. परक्याला उत्तर द्यायचं हाच ज्ञानाचा हेतू असेल, तर प्रश्नही परकाच ठरवतो. मराठी वाचकाला हे समजायला भाषांतर लागत नाही, म्हणून हा विषय तुझ्या हाती पडला याचा मला इतका आनंद झाला.

पण एक खडा इथे आहे. त्या देशात शंभराहून जास्त भाषा आहेत, आणि 'फिलिपिनो मानसशास्त्र' म्हणताना तागालोग शब्दच सगळ्यांवर लादले जातात, अशी टीका तिथलेच लोक करतात. तुझ्यापुढेही हे येणार. 'मराठीत' म्हणजे कुणाच्या मराठीत? आणि तुझ्या 'आपण'मध्ये मुकादम आहे का, बागायतदार आहे का? गावात ज्यांची वस्ती वेगळी, त्या बायका तुझ्या 'आपण'मध्ये स्वतःला धरतात का? जातीचा हा प्रश्न फिलिपिन्सकडून उसना मिळणार नाही. तो तुलाच हाताळावा लागेल.

सरांच्या "कोण वाचणार" या प्रश्नाला जुनं उत्तर आहे. डॉ. आंबेडकरांनी जातिसंस्थेवरचा निबंध १९१६ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात इंग्रजीत वाचला आणि १९२० मध्ये 'मूकनायक' मराठीत काढलं. दोन्हीकडे वाचक होते. फुल्यांनी शेतकऱ्याच्या कर्जाचं आणि त्याच्या लुबाडणुकीचं विश्लेषण १८८३ मध्ये मराठीतच केलं. तूही दोन्ही भाषांत लिहायचंस. एन्रिकेझ स्वतः इंग्रजीतही लिहीत. तुझं इंग्रजी कच्चं असेल तर ते आजपासून पक्कं करायला घे. त्यात तडजोड नको. या सगळ्या मंडळींनी परकं शास्त्र आधी नीट पचवलं होतं. संख्याशास्त्र टाळायचं म्हणून देशी पद्धतीकडे वळणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचं कुठेच काही होत नाही.

फिलिपिन्सला आत्ता जाऊ नकोस. आपल्याकडे त्या देशाची जाहिरात करणारे एजंट भेटतात ते मेडिकलच्या प्रवेशाचे. सामाजिक शास्त्रासाठी थेट विद्यापीठाशी पत्रव्यवहार करावा लागतो. मनिलाजवळच्या दिलिमानला यूपी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्स आहे. तिथेच ही चळवळ वाढली, आणि तिथल्या एशियन सेंटरमध्ये फिलिपिन्सच्या अभ्यासाचा एम.ए. आहे. पण तुझा विषय बीडमध्ये आहे, भाषा मराठी आहे, आणि तागालोग आल्याशिवाय तिथे गेलीस तर तू 'इबांग ताओ'च राहशील. पीएच.डी.च्या काळात, हातात स्वतःचं काम घेऊन काही महिन्यांसाठी जा. तेव्हा तुझ्याकडे द्यायलाही काहीतरी असेल.

त्याआधी एम.ए. मानसशास्त्रात पुणे किंवा मुंबई विद्यापीठात करता येईल. टाटा समाजविज्ञान संस्थेचा, म्हणजे टिसचा, तुळजापूरचा परिसर तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. ग्रामीण प्रश्नांवर गावात राहून काम करायची सवय तिथे लागते, म्हणून तुझ्यासाठी माझा कल तिकडे आहे. शुल्क आणि शिष्यवृत्तीची चौकशी समाजकल्याण कार्यालयात आत्ताच करून ठेव. एम.ए. करतानाच नेट आणि सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा दे. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७ हजार रुपये मिळतात आणि पीएच.डी.ची चिंता मिटते. तुझ्या वडिलांना सांगायला हा आकडा उपयोगी पडेल.

पोटाचं खरं सांगते. प्राध्यापकाच्या कायम जागा कमी निघतात आणि कित्येक नेट-सेट झालेली मुलं वर्षानुवर्षं सीएचबीवर, तासावर शिकवतात. फक्त त्याच एका आशेवर बसू नकोस. सामाजिक संस्थांना आणि सरकारी योजनांच्या मूल्यमापनाला अशी माणसं हवी असतात ज्यांना गावात जाऊन खरं काय ते कळतं, आणि ते आकड्यांत व शब्दांत मांडता येतं. अशी माणसं फार नाहीत. क्लिनिकलकडे, म्हणजे मानसिक आजारांच्या उपचारांकडे, वळावंसं वाटलं तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची, मान्यता असलेलाच अभ्यासक्रम निवड. नोंदणीशिवाय ते काम करता येत नाही.

वडिलांशी भांडू नकोस. कोयता हातात धरलेल्या माणसाला पोरीची पक्की नोकरी हवी असते, यात चूक काहीच नाही. बी.एड. दोन वर्षांचं आहे आणि एम.ए.नंतरही करता येतं, हे त्यांना सांग. आणि आधी त्यांचीच विचारपूस कर. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली 'उचल' आणि 'कर्ज' यात त्यांना काय फरक वाटतो? नवरा-बायको दोघं राबतात, तरी मोजताना 'एक कोयता' का म्हणतात? त्या एका कोयत्यात आई कुठे असते, हे आईला विचार. फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, दिवसभर एकट्या राहणाऱ्या पोरीच्या जिवाला काय वाटतं, त्याला तुमच्याकडे कुठला शब्द आहे? 'ताण' हा शब्द तर त्या बायका वापरतच नसतील.

दसऱ्यानंतर टोळ्या हलायला लागतील. त्याआधी त्या तीस जणींपैकी पाच-सहा जणींकडे फॉर्म न घेता जा, भाकरी थापताना शेजारी बस. घरी आल्यावर त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत वहीत उतरव, शुद्ध करू नकोस. त्याची झेरॉक्स मला पाठव. एम.ए.च्या अर्जासोबत जोडायचं टिपण आपण त्यातूनच तयार करू.