सूर्याच्या पोटातला वेग बदलतो का?

प्रश्न: सूर्याचं विषुववृत्त साधारण २५ दिवसांत एक फेरी पूर्ण करतं आणि ध्रुवाकडच्या भागाला ३५ दिवसांच्या आसपास लागतात, असं वाचलं. मग ११ वर्षांच्या सौरचक्रात (सूर्यावरचे काळे डाग वाढून पुन्हा कमी होतात त्या चक्रात) हे फिरणं कमीजास्त होतं का, आणि आतलं दिसतच नाही तर कळतं कसं?
– एक वाचक, सातारा

उत्तर: बदलतं, पण अख्खा सूर्य कधी जोरात कधी हळू असं होत नाही. सूर्यावर विषुववृत्ताला समांतर पट्टे असतात, काही सरासरीपेक्षा किंचित जोरात फिरणारे, काही किंचित हळू, आणि हे पट्टे वर्षानुवर्षं सरकत राहतात. किंचित म्हणजे खरंच किंचित हां, विषुववृत्तावर सूर्याचा वेग सेकंदाला जवळपास २ किलोमीटर आणि हा फरक सेकंदाला ५-१० मीटरचा! १९८० मध्ये हॉवर्ड आणि लाबॉन्टे यांनी कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या नोंदींमधून तो शोधून काढला, मला तर ही गोष्ट आजही थक्क करते.

तेव्हा फक्त पृष्ठभाग कळत होता. आतलं कळतं ते आवाजामुळे. सूर्याच्या आत सतत ध्वनिलहरी फिरत असतात, त्यामुळे पृष्ठभाग साधारण ५ मिनिटांच्या अंतरानं वरखाली होतो. फिरण्याच्या दिशेनं जाणारी लहर प्रवाहाबरोबर पोहणाऱ्यासारखी पुढे ढकलली जाते, उलटी जाणारी मागे पडते, त्यामुळे दोघींच्या कंपनसंख्येत बारीक फरक येतो आणि काही लहरी वरच्यावर फिरतात, काही खूप खोल जाऊन येतात, म्हणून सगळ्यांचा हिशेब मांडला की कुठल्या खोलीवर काय वेग आहे ते निघतं. हे मोजायला १९९५ पासून गाँग नावाचं सहा दुर्बिणींचं जाळं जगभर चालू आहे, एकीकडे सूर्य मावळला तरी दुसरीकडे तो दिसतच असतो, आणि त्यातली एक दुर्बीण आपल्या उदयपूरला आहे. जोडीला आधी सोहो आणि २०१० पासून एसडीओ ही सूर्याकडे बघणारी अवकाशयानं.

त्यातून कळलं की हे पट्टे वरवरचे नाहीत, पृष्ठभागापासून जवळपास २ लाख किलोमीटर खोलपर्यंत गरम वायू उकळल्यासारखा वरखाली होत असतो, त्या खळबळत्या थरात ते बरेच आतपर्यंत जातात. मध्यम अक्षांशांवर निघालेला जोरकस पट्टा हळूहळू विषुववृत्ताकडे येतो आणि सौरडाग त्याच्या ध्रुवाकडच्या कडेला उमटतात. महत्त्वाचं म्हणजे पट्टा डागांच्या कितीतरी वर्षं आधी दिसतो. २५वं चक्र ऐन भरात असताना, जुलै २०२४ मध्ये, सौरशास्त्रज्ञ रेचेल हाउ यांच्या टीमनं २६व्या चक्राच्या पट्ट्याची पहिली चिन्हं दिसल्याचं सांगितलं, आणि ते चक्र सुरू होणं अपेक्षित आहे २०३० च्या आसपास!

पण यावरून भविष्य सांगताना जपून. या पट्ट्यांची ध्रुवाकडे सरकणारीही एक शाखा असते, २४व्या चक्रात ती नीट दिसेना म्हणून २०११ मध्ये काही शास्त्रज्ञ म्हणाले की २५वं चक्र उशिरा येईल किंवा फारच मंद असेल. ते डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि २४व्यापेक्षा जोरदार निघालं.

अजून खोल, खळबळता थर संपून जवळपास एकसंध फिरणारा भाग सुरू होतो तिथे, वेग दर १.३ वर्षांनी वरखाली होतो असा दावा हाउ आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये केला. तेव्हा मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत असलेले एच. एम. अँटिया आणि येल विद्यापीठाच्या सर्बाणी बसू यांना मात्र त्यांच्या विश्लेषणात हा चढउतार दिसला नाही, आणि २००१ नंतर तो सिग्नलही विरून गेला. इतक्या सूक्ष्म मोजमापात दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्रपणे तपासणं किती गरजेचं असतं ते इथे कळतं.

पट्टे का होतात यावर एकमत नाही. चुंबकीय क्षेत्र वायूला ओढतं-ढकलतं हे एक कारण, डागांच्या भागातून जास्त ऊर्जा बाहेर पडून तिथलं तापमान उतरतं आणि प्रवाह वळतात हे दुसरं. मला वाटतं दोन्हींचा वाटा असावा.

आणि हो, भारताच्या आदित्य एल-१ या सूर्ययानावर पुण्याच्या आयुका संस्थेनं बनवलेली सूट दुर्बीण आहे, तिचा सगळ्यांना अभिमान आहेच, पण ती सूर्याचे अतिनील फोटो काढते, आतलं फिरणं मोजणं तिचं काम नाही. त्यासाठी गाँग आणि एसडीओच.