आर्गॉन हा वायू खरंच कशाशीच रासायनिक संयोग करत नाही का?

रोजच्या व्यवहारात नाही. पण ‘कधीच नाही’ असं पुस्तकात लिहिलं असेल तर ते चूक आहे.

बेळगावात उद्यमबागेत एखाद्या वर्कशॉपमध्ये स्टेनलेस स्टीलचं टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या टोकातून ठिणगी पाडून, वायूच्या पांघरुणाखाली केलेलं वेल्डिंग) चाललेलं बघा, अर्थात काळ्या काचेतूनच. टंगस्टनच्या टोकाभोवती आर्गॉन सोडलेला असतो. एवढ्या प्रचंड उष्णतेतही तो वितळलेल्या धातूशी काही करत नाही, फक्त हवेतला ऑक्सिजन लांब ठेवतो. दारातून वाऱ्याची झुळूक आली आणि ते पांघरूण हललं, की चकचकीत जोड लगेच काळपट पडतो आणि आत बारीक भोकं राहतात.

याचं कारण बाहेरच्या कक्षेतले पूर्ण आठ इलेक्ट्रॉन. त्यातला एक काढायला मोलमागे (मोल म्हणजे अणू मोजायचं एक ठरावीक माप) सुमारे १५२० किलोज्यूल ऊर्जा लागते. त्याच कुळातल्या झेनॉन वायूला सुमारे ११७० पुरते, जवळजवळ ऑक्सिजनच्या रेणूइतकीच. म्हणजे ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढता येत असेल, तर झेनॉनमधूनही यायला हवा. हे साम्य रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांनी हेरलं आणि १९६२ मध्ये झेनॉनचं संयुग बनवून दाखवलं. मला हा रसायनशास्त्रातला फार सुंदर क्षण वाटतो.

आर्गॉनचं संयुग २००० साली हेलसिंकीत मिळालं: आर्गॉन, हायड्रोजन आणि फ्लोरिन यांचं. मात्र ते उणे २४६ अंश सेल्सिअसच्या आसपासच मोडतं.

वेल्डिंग करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. आर्गॉन विषारी नाही, पण हवेपेक्षा जड आहे. बंद टाकीत तळाशी साचला तर ऑक्सिजन कमी पडून माणूस बेशुद्ध होतो, आणि वास नसल्यामुळे आधी कळतही नाही.