बायबलमधल्या गोष्टींना 'पुराणकथा' म्हणावं का?

प्रश्न नागपूरच्याच एका शिक्षिकेचा आहे. शाळेच्या नाताळच्या भित्तिपत्रकाला त्यांनी 'बायबलमधील पुराणकथा' असं शीर्षक दिलं. मुलांनी तीन चित्रं काढली होती: नोहाचं तारू, उधळा पुत्र आणि येशूचा जन्म. सदरला राहणारे त्यांचे एक ख्रिस्ती सहकारी ते पाहून म्हणाले, "मॅडम, पुराणकथा नका म्हणू जी. हे घडलेलं आहे." बाई विचारतात, मग योग्य शब्द कोणता? आणि आपल्या त्या पुराणकथा नि त्यांचा तो इतिहास, हा कुठला न्याय?

दुसऱ्या प्रश्नात थोडा राग आहे आणि तो रास्त आहे. पण आधी शब्दाचं पाहू.

गंमत अशी की बायबलची कथा मराठी ओवीत पहिल्यांदा ऐसपैस मांडली गेली ती 'पुराण' या नावानंच. गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं (जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं. सुमारे ११,००० ओव्या, आणि भाग दोन: पहिलें पुराण म्हणजे जुना करार, दुसरें पुराण म्हणजे नवा करार. हा माणूस स्वर्गालाही बिनदिक्कत 'वैकुंठ' म्हणतो. 'पुराण' म्हटल्यानं आपला ग्रंथ खोटा ठरेल, अशी शंका त्याला शिवलेली दिसत नाही, कारण त्याच्या लेखी पुराण हा ग्रंथाचा घाट होता. अमरकोशात पुराणाला 'पंचलक्षण' म्हटलंय: सर्ग (सृष्टीची उत्पत्ती), प्रतिसर्ग (प्रलयानंतरची पुनर्निर्मिती), वंश, मन्वंतर (मनूंचे कालखंड), वंशानुचरित (राजवंशांच्या हकिकती). बायबलची सुरुवात सृष्टीच्या उत्पत्तीनं होते आणि मत्तयाचं शुभवर्तमान, म्हणजे त्यानं लिहिलेलं येशूचरित्र, उघडलं की पहिल्याच पानावर वंशावळ. म्हणजे नाव अगदीच ओढूनताणून दिलेलं नव्हतं.

आज मात्र तोच शब्द कानाला वेगळा लागतो. 'पुराणातली वांगी पुराणात', 'काय पुराण लावलंय', ही आपली रोजची भाषा. 'पुराणकथा' म्हटलं की ऐकणारा मनात धरून चालतो की ती कधी घडली, कुठे घडली, मुळात घडली का, हे विचारायचं कारण नाही. सहकाऱ्यांना खटकलं ते नेमकं इथे. 'भाकडकथा' तर त्याहून पुढची. भाकड म्हणजे दूध आटलेली गाय, तशी जिच्यातून हाती काही लागत नाही ती कथा. 'मिथक' हा शब्द अभ्यासकांना प्रिय आहे. तो मूळ ग्रीक शब्दावरून इंग्रजीमार्गे आला, 'मिथ्या'शी त्याचा संबंध नाही. पण ऐकणाऱ्याला 'मिथ्या'च ऐकू येतं, त्याला इलाज नाही.

तो ग्रीक शब्द, 'मुथोस', नव्या करारात पाच ठिकाणी येतो आणि पाचही ठिकाणी नाकारण्यासाठी येतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्यासाठी मराठी भाषांतरकारांनी 'आजीबाईच्या कहाण्या' असे शब्द योजलेत (श्रावणातल्या कहाण्या ऐकत वाढलेल्या वाचकाला अर्थ सांगावा लागत नाही). पेत्राच्या दुसऱ्या पत्रात आहेत 'चातुर्याने कल्पिलेल्या कथा'. तिथे लेखक म्हणतो, आम्ही असल्या कथांच्या मागे लागून हे सांगत नाही, आम्ही प्रत्यक्ष पाहिलंय. तेव्हा हा भेद ख्रिस्ती माणसानं आधुनिक टीकेला उत्तर म्हणून काल-परवा काढलेला नाही, तो त्यांच्या ग्रंथातच आहे.

आणि त्याची कसोटी साक्षीची आहे. दुसरा शुभवर्तमानकार लूक आरंभीच सांगतो की पाहणाऱ्यांकडून जे आलं ते मी मुळापासून तपासून लिहितोय. पुढे तिसऱ्या अध्यायात तो काळ कसा बांधतो पाहा: तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीचं पंधरावं वर्ष, पंतय पिलात यहूदीयाचा सुभेदार, हेरोद गालीलाचा मांडलिक. सुभेदार नि मांडलिक हे शब्द वाचून एखादी बखर उघडल्यासारखं वाटतं. ख्रिस्ती उपासनेत जो विश्वासाचा अंगीकार म्हणतात, त्यात येशूखेरीज दोनच माणसांची नावं आहेत: एक मरिया आणि दुसरा हा पिलात. एका रोमी अंमलदाराचं नाव शतकानुशतकं प्रार्थनेत टिकावं असं त्याचं कर्तृत्व नव्हतं. तो तिथे आहे तो तारखेच्या शिक्क्यासारखा. १९६१ मध्ये कैसरियाच्या उत्खननात त्याच्या नावाचा शिलालेख सापडला. त्यानं पिलात सिद्ध होतो, पुनरुत्थान होत नाही, हेही लगेच सांगायला हवं. पण येशूचा प्रेषित पौल यानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना साफ लिहिलंय की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. घडलं नसलं तरी चालेल, बोध घ्या, ही सवलत त्यानं ठेवलेली नाही.

मग बायबलमधलं सगळंच 'घडलेलं' का? नाही. इथे विदर्भातल्या वाचकाला परकं उदाहरण शोधावं लागत नाही. महानुभावांनी हा भेद तेराव्या शतकात स्वच्छ केला होता. म्हाइंभटानं चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडे जाऊन, ऋद्धपूरला नागदेवाचार्यांकडून पडताळून घेत. लीळा म्हणजे घडलेला प्रसंग. कुठे झाला, कोण हजर होतं, हे तिथे महत्त्वाचं. दृष्टांत वेगळा. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टांत ऐकून ते आंधळे कुठल्या गावचे, असं कुणी विचारत नाही. 'लीळाचरित्र' निराळं, 'दृष्टांतपाठ' निराळा.

बायबलमध्ये या दोन्ही जाती एकाच जिल्दीत आहेत, म्हणून घोटाळा होतो. उधळा पुत्र हा येशूनं सांगितलेला दृष्टांत. असा मुलगा खरोखर होऊन गेला, असं चर्चमध्ये शिकवत नाहीत आणि तो नव्हता म्हणून कुणाची श्रद्धाही डळमळत नाही. (जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या शोमरोन्याचा दृष्टांतही तसाच, तरी यरुशलेम–यरीहो रस्त्यावर त्याची धर्मशाळा म्हणून एक जागा यात्रेकरूंना दाखवतातच. भाविक आणि गाइड दोन्हीकडचे सारखेच.) येशूचा जन्म, वधस्तंभ, पुनरुत्थान हे मात्र त्यांच्या लेखी लीळेच्या बाजूचे.

खरी अडचण नोहाची. उत्पत्तीच्या पहिल्या अकरा अध्यायांबद्दल ख्रिस्ती लोकांतच एकमत नाही. काही जण तारवाची लांबी-रुंदीही अक्षरशः धरतात. कॅथलिकांत बारावे पायस या पोपनी १९५० च्या पत्रात मधली वाट काढली: हे आजच्या पद्धतीचं इतिहासलेखन नाही, एका अर्थी इतिहास आहे, पण पुराणकथांच्या पंगतीत बसवू नका. १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथनं ब्रिटिश म्युझियममधल्या मातीच्या इष्टिकेवर कोरलेली बाबिलोनी जलप्रलयाची कथा वाचून दाखवली, तेव्हापासून 'ही तर तीच गोष्ट' हा आक्षेप आहे. त्यावरचं ख्रिस्ती उत्तर मला वाचण्यासारखं वाटतं. कथा शेजारची असेल, पण देव पाहा. तिकडे प्रलयानंतर होमाचा वास आल्यावर भुकेले देव माश्यांसारखे घोंगावत येतात. इकडे एकच देव आहे आणि तो नोहाशी करार करतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सूर्य-चंद्रांची नावंसुद्धा नाहीत, नुसती 'मोठी ज्योती' आणि 'लहान ज्योती', कारण शेजाऱ्यांचे ते देव होते. म्हणजे पुराणकथेची भाषा घेऊन पुराणकथेलाच दिलेलं उत्तर. हे मला पटतं. मात्र तेवढ्यावरून प्रलय जसाच्या तसा घडला, असं ठरत नाही.

आता न्यायाचं. संस्कृत परंपरेत रामायण-महाभारत 'इतिहास' या नावाखाली येतात, पुराणं वेगळी; तेव्हा 'आपलं सगळं पुराणकथा' हे वाक्य आपणच आपल्यावर ओढवून घेतलंय. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांचं लिंगोगीत, म्हणजे त्यांच्या लिंगो या आद्य पुरुषाची गाथा, टिपून ठेवलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये ते छापलं गेलं. ते वाचणारे अभ्यासक त्याला मिथक म्हणतात. पण माघ पौर्णिमेला कचारगड या गोंडांच्या तीर्थस्थानी जाणाऱ्या गोंड माणसाला विचारा. तो सदरच्या सहकाऱ्यांसारखंच उत्तर देईल. म्हणून माझा कौल असा की अभ्यासाच्या लेखात 'मिथक' चालेल, सगळ्यांना सारखं लावत असाल तर. भिंतीवर नको.

भिंतीसाठी आपला साधा 'गोष्ट' शब्द पुरे आहे. 'गोष्ट सांगितली' आणि 'गोष्ट खरी आहे', दोन्हीकडे तो खपतो आणि निवाडा करत नाही. शीर्षक 'बायबलमधील गोष्टी'. चित्रांखाली 'नोहा आणि जलप्रलय', 'उधळा पुत्र: येशूचा दृष्टांत', 'येशूचा जन्मवृत्तांत'. सरसकट 'बायबलमधील इतिहास' लिहू नका, नाहीतर उधळा पुत्र इतिहासात जाऊन बसेल. आणि प्रत्येकाखाली अध्याय-वचन टाका: उधळ्या पुत्राचं लूक १५:११–३२, जन्माचं लूक २:१–२०, नोहाचे उत्पत्ती ६ ते ९ अध्याय.