ईसीयूवरील दोन क्रमांक

प्रश्न : जुन्या बाजारात पाहिलेल्या फोक्सवॅगनच्या एका डिझेल ईसीयूवर (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाच्या पेटीवर) दोन वेगळे क्रमांक छापलेले आहेत. खरेदी करताना कोणता जुळवून पाहावा?

उत्तर : दोन्ही पाहावेत. ०२८१ ने सुरू होणारा दहा अंकी क्रमांक ईसीयू घडवणाऱ्या बॉश कंपनीचा असून तो डिझेल इंजिनाचा नियंत्रक दर्शवतो. पेट्रोलसाठी तेथे ०२६१ असते. दुसरा, उदाहरणार्थ ०३एल ९०६ ०१८, हा मोटार बनवणाऱ्या कंपनीचा. त्यातील ०३एल ही इंजिनाच्या कुळाची खूण आहे, तर ९०६ मधील ९ हा विद्युत भागांचा मुख्य गट. या दुसऱ्या क्रमांकाच्या शेवटी जोडलेल्या एकदोन अक्षरांकडे मात्र गिऱ्हाइके काणाडोळा करतात आणि फसगत तेथेच होते, कारण पेटी बाहेरून तंतोतंत सारखी दिसली तरी इंजिनाची शक्ती, गिअरबॉक्सचा प्रकार किंवा सुधारित आवृत्ती यांतील फरक त्या अक्षरांत दडलेला असू शकतो. आतील सॉफ्टवेअरचा क्रमांक पुन्हा वेगळा. ईसीयू नव्याने प्रोग्रॅम केलेला असल्यास तो लेबलाशी जुळेलच असे नाही, म्हणून ईसीयूला जोडायच्या तपासणी-स्कॅनरवर वाचून घ्यावा. हे सारे जुळले तरी इमोबिलायझरची (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेची) जुळणी करून घ्यावी लागते, आणि तो खर्च विक्रेता सहसा आधी सांगत नाही.