विद्यापीठाच्या पुरातत्त्व संग्रहातून प्रदर्शन मांडताना विद्यार्थी नेमकं काय शिकतात?

माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवते ती वस्तूशेजारची पाटी. खापर कोणत्या थरात सापडलं, काळ कशावरून ठरवला, आपला अंदाज कुठून सुरू होतो, हे पन्नास-साठ शब्दांत मांडणं परीक्षेतल्या चार पानी उत्तरापेक्षा अवघड. त्यासाठी उत्खननाच्या जुन्या नोंदवह्या चाळाव्या लागतात. एखाद्या तुकड्यावर क्रमांकच नसतो. मग संदर्भ, म्हणजे तो कुठे आणि कोणत्या थरात सापडला ही माहिती, हरवला की काय काय हरवतं ते कळतं. हाताळणी, प्रकाश, आर्द्रता हे ओघाने येतंच.

कल्पना नवी नाही म्हणा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातलं पेट्री संग्रहालय १८९२ मध्ये इजिप्तचं पुरातत्त्व शिकवण्यासाठीच सुरू झालं. मानवी अवशेष मांडावेत का, यावर मात्र शिक्षकांनी निकाल देऊ नये. मुलांना भांडू द्यावं.