सिंकचं बटण झाकून ठेव

मिरजेच्या मुलीस, आशीर्वाद.

'दादा, डीजे व्हायचंय, कंट्रोलर कोणता घेऊ?' एवढाच तुझा प्रश्न, आणि खाली तीन मिनिटांची व्हॉइस नोट. तुझ्या मागं कुणीतरी तंबोरा लावत होतं. खरं सांगू, मी तेच जास्त लक्ष देऊन ऐकलं.

कंट्रोलरचं, म्हणजे गाणी वाजवून एकमेकांत मिसळायच्या त्या पेटीचं, आधी उरकतो. दोन चॅनेलचा, वापरलेला पण धड चालणारा कुठलाही घे. घरी हट्ट करून महागडा आणू नकोस.

माझी सुरुवात सांगलीत, गणपतीतल्या डॉल्बीवर झाली. वायरी गुंडाळायच्या, जनरेटरला डिझेल घालायचं आणि ऑपरेटर चहाला गेला की दोन मिनिटं मिक्सरला हात लावायचा. बेस वाढवला की पोरं उड्या मारतात, एवढं एकच तिथं शिकलो. पुढं पुण्यात क्लबमध्ये पहिली रात्र मिळाली. नऊ वाजलेले, समोर बारा माणसं, आणि मी मिनिटाला १३० ठोक्यांच्या टेम्पोनं (गाडी नव्हे, लय!) सगळ्यात जड गाणं सोडलं. पाच मिनिटांत दोन टेबलं बिल मागवून उठली. मॅनेजर जवळ येऊन म्हणाला, "मिरवणूक कुठवर आली?"

ते वाक्य अजून विसरलो नाही. नऊ वाजता वाजवणाऱ्यानं ११८-१२० वर राहायचं, लोकांना एकमेकांशी बोलता आलं पाहिजे. कुणाची मान हलली, टेबलाखाली पाय ठेका धरू लागला की समजायचं, जमतंय. पुढच्या डीजेच्या हाती खोली कोमट द्यायची, उकळती नाही. तुला पहिली दोनतीन वर्षं हीच वेळ मिळेल. रुसू नकोस, सगळं शिक्षण तिथंच होतं.

आता कानाचं. तुझे आजोबा तंबोऱ्याची जवारी काढतात, म्हणजे तारेला गुंजणारा सूर आणतात, तेव्हा काय करतात, नीट बघितलंयस का? घोडी जराशी घासतात, तार छेडतात, ऐकतात, पुन्हा घासतात. कुठं थांबायचं ते कानच ठरवतो. दोन गाणी जुळवायची ती अशीच. दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणाऱ्या सिंकच्या बटणावर चिकटपट्टी लाव आणि स्क्रीनवरचे आकडे झाक. एक गाणं १२२ चं, दुसरं १२४ चं असेल तर मिनिटाला दोन ठोक्यांचा फरक पडतो. हेडफोन एका कानावर ठेवून तो फरक पकड आणि पिच, म्हणजे गाण्याचा वेग बदलणारी पट्टी, सरकव. हाउस या नाचाच्या संगीतात किक (मोठ्या ड्रमचा ठोका) चारही मात्रांवर, टाळी दुसरीवर नि चौथीवर, हाय-हॅट (छोट्या झांजा) मधल्या फटीत. नवं काही यायचं ते बहुधा ३२ मात्रांनी येतं. तुझ्या घरात सम कशी येते हे सांगावं लागत नाही, ही तुझी कमाई आहे. माझी ते शिकण्यात चार वर्षं गेली.

हाउस हे नाव शिकागोतल्या वेअरहाउस क्लबवरून पडलं, असं सांगतात. १९७७ साली तो उघडला, तिथं फ्रँकी नकल्स हा डीजे वाजवायचा. नाचायला येणारे बहुतेक काळे आणि लॅटिनो, त्यातले बरेच समलिंगी. बाहेर त्यांना असं मोकळं नाचायला जागा कुठं होती? १९७९ मध्ये त्याच शहरात बेसबॉलच्या मैदानावर डिस्को नको म्हणणाऱ्यांनी डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोट करून उडवल्या. डिस्को पडत्या काळात गेलं, तरी नकल्स टेप कापून, जोडून जुनी गाणी लांबवत राहिला, पुढं त्यांच्याखाली ड्रम मशीन घालू लागला. आणि १९८२ मध्ये आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी टीबी-३०३ (बेसचं यंत्र) आणि टीआर-८०८ (ड्रम मशीन) यांवर दहा रागांची रेकॉर्ड केली. तेव्हा ती फारशी कुणी घेतली नाही. तू मात्र आजोबांना ऐकव. नाक मुरडतील, पण ऐकतील.

आवाजाचं सांगायलाच हवं. ८५ डेसिबलला आठ तास चालतात. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. डॉल्बीपायी माझ्या डाव्या कानात रात्री शिट्टी वाजत असते. कंट्रोलरच्या आधी इअरप्लग घे.

व्यवहार: मानधन आणि परतीची गाडी मेसेजवर का होईना, लिहून घेतल्याशिवाय हो म्हणू नकोस. एका क्लबकडं माझे सहा रात्रींचे पैसे अजून अडकलेत, कारण सगळं तोंडी होतं. घरी 'डीजे' म्हटलं की मिरवणूक आठवणार आणि वाद होणार; त्यात मी पडत नाही. आईला मात्र एकदा संध्याकाळी तुझं वाजवणं ऐकायला बसव.

रविवारी दुपारी मिरजेत येतोय. हेडफोन काढून ठेव. आणि आजोबांना विचारून ठेव, जवारी काढताना शेजारी बसू देतील का. चहा मी आणतो.

तुझा दादा