मॅकॅडमच्या रस्त्यात डांबर असायचं का? पहिला डांबरी रस्ता कुठला?

नाही, स्कॉटिश रस्ते-अभियंता मॅकॅडमच्या रस्त्यात डांबर नसायचं. तो १८३६ मध्ये वारला आणि शहरातला पहिला आधुनिक अ‍ॅस्फाल्टचा, म्हणजे डांबरी, रस्ता साधारणपणे १८५४ चा, पॅरिसमधल्या र्यू बेर्जेरचा मानतात. मॅकॅडमची सगळी भिस्त फोडलेल्या खडीवर होती. टोकदार खडे गाड्यांच्या वजनाने एकमेकांत घट्ट बसतात, जोडायला दुसरं काही लागत नाही, असं तो ठासून सांगे. अ‍ॅस्फाल्टची कल्पना सुचली ती स्वित्झर्लंडच्या व्हाल द त्राव्हेरमध्ये. तिथल्या खाणीतला चुनखडक मुळातच डांबराने मुरलेला असतो. गाड्यांतून सांडलेले त्याचे तुकडे चाकांखाली चिरडून, उन्हाने तापून रस्त्यावर टणक थर धरायचे. पुढे हाच दगड दळून, भुकटी तापवून पसरायची आणि गरम लोखंडी धुमसाने ठोकायची, अशी पद्धत पडली. धूळ-चिखल गेला, खडखडाट कमी झाला. ओलसर हवेत मात्र घोडे घसरून पडत, आणि ही तक्रार खरोखर गंभीर होती.

फक्त ‘पहिला’ म्हणताना आधुनिक काळापुरतंच म्हणा. प्राचीन काळी नेबुखद्नेझर राजाच्या बॅबिलोनमध्ये मिरवणुकीच्या रस्त्याला डांबर वापरलं होतं, पण ते विटा सांधायला. चालायला वर दगडी फरशीच होती.